चांगथांगातील लांडगे आणि मेंढवाडे

नागपूरचा माणूस जंगल पाहायला निघाला, की तो पेंच, ताडोबा, उमरेड-करांडला किंवा नवेगाव-नागझिरा यांपैकी एका रस्त्याला लागतो आणि परतल्यावर त्याला प्रश्नही एकच विचारला जातो : वाघ दिसला का? राज्याच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथे वाघाखेरीज दुसऱ्या शिकारी प्राण्यासाठी कोणी वाट वाकडी करताना सहसा दिसत नाही. त्यामुळे पोळा आणि मारबत आटोपल्यावर आम्ही काही जण लांडग्यांसाठी लडाखला निघालो आहोत असे सांगितले, तेव्हा ओळखीच्यांपैकी बहुतेकांनी "तिकडे हिमबिबट्या असतो ना?" असे विचारून आम्हालाच सावध करण्याचा प्रयत्न केला.

आमच्या गटाचे म्होरके प्राणीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना आम्ही सगळेच नुसते 'सर' म्हणतो. नागपूर विद्यापीठात प्राणीशास्त्रात एम. एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या कोंढाळीकडचा एक तरुण हे आणखी दोघे. या तरुणाच्या घरी तीन पिढ्या मेंढ्या होत्या आणि तो स्वतः आता जंगल सफारीत वाटाड्याचे काम करतो. सरांचे म्हणणे असे, की भारतात लांडग्याच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत : एक दख्खनच्या आणि विदर्भाच्या माळांवरची, दुसरी हिमालयाच्या माथ्यावर आणि त्यापलीकडच्या पठारावरची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असे दाखवले, की आज जगात असलेल्या करड्या लांडग्यांच्या वंशवृक्षातून याच दोन फांद्या फार पूर्वी फुटल्या. युरोप-अमेरिकेतील लांडगे त्यानंतरचे. म्हणजे ज्या प्राण्याला आपण शेळ्या पळवणारा भुरटा समजतो, त्याची जगातील अत्यंत जुनी घराणी आपल्याच देशात नांदत आहेत. माळावरचे घराणे आम्ही थोडेफार पाहिले होते. डोंगरावरच्या घराण्याचा अभ्यास कसा होतो आणि त्याला वाचवण्यासाठी नेमके काय केले जाते, हे प्रत्यक्ष पाहावे, एवढाच प्रवासाचा हेतू होता.

पहिला दिवस : नागपूर, दिल्ली, लेह

रात्रीच्या विमानाने दिल्ली आणि पहाटेच्या विमानाने लेह. उकाड्यात निघालेला माणूस काही तासांत साडेतीन हजार मीटर उंचीवर, थंड आणि कोरड्या हवेत उभा राहतो. विमानतळावरच ध्वनिक्षेपकावरून विश्रांती घेण्याच्या सूचना मिळत होत्या आणि आम्ही त्या निमूटपणे पाळल्या. दिवसभरात उल्लेख करण्याजोगे काही घडले नाही. जिना चढताना धाप लागणे हीच त्या दिवसाची मोठी घटना.

दुसरा आणि तिसरा दिवस : लेह

उंचीची सवय होईपर्यंत पुढे जायचे नाही असे ठरलेलेच होते. तो वेळ सरांनी शिकवण्यात घालवला. आमचे डोके दुखत असताना त्यांनी विषयही समयोचित निवडला : विरळ हवेत लांडगा कसा जगतो? हिमालयीन लांडग्याच्या जनुकांत, विशेषतः ईपीएएस-१ या जनुकात, कमी प्राणवायूशी जुळवून घेण्यास मदत करणारे बदल आढळले आहेत. तिबेटी माणसांत आणि त्या पठारावरच्या कुत्र्यांतही याच जनुकातील बदल सापडले आहेत. आम्हाला दोन दिवस उशीला खिळवून ठेवणारी हवा ज्याला अंगवळणी पडली आहे, तो प्राणी केवळ जाड केसांचा लांडगा नव्हे, हे तेव्हा नीट उमगले.

संख्येचा प्रश्न विद्यार्थिनीने काढला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत हिमालयीन लांडगा 'असुरक्षित' या वर्गात असून, त्याच्या सगळ्या प्रदेशात मिळून प्रजननक्षम लांडगे २,२७५ ते ३,७९२ असावेत असा अंदाज तिथे दिला आहे. या दोन आकड्यांमधील अंतर पाहिले म्हणजे मोजणी किती अवघड आहे ते कळते. वाघाच्या अंगावरचे पट्टे आणि हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात. छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, की कोणता प्राणी पुन्हा दिसला हे ओळखता येते आणि त्यावरून संख्येचे गणित मांडता येते. लांडग्याच्या अंगावर अशी कोणतीही खूण नाही. पेंचमध्ये जी पद्धत वर्षानुवर्षे चालते, ती इथे पहिल्याच पायरीवर अडते. म्हणून लांडग्याच्या अभ्यासकाला त्याच्या विष्ठेमागे फिरावे लागते, कारण विष्ठेच्या बाहेरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांतून प्रत्येक प्राण्याची जनुकीय ओळख पटते.

संध्याकाळी एका संशोधन गटासाठी काम करणारे स्थानिक कार्यकर्ते भेटायला आले. पन्नाशीचे असतील. त्यांना सगळे 'आचो' म्हणजे थोरले भाऊ म्हणून हाक मारत होते, म्हणून आम्हीही तेच धरले. बोलणे हिंदीत चालले होते. "लांडगा पाहायला आलात, तर डोळे डोंगरावर ठेवा," ते म्हणाले, "आणि लांडगा समजून घ्यायचा असेल, तर मेंढवाड्यात बसा." पुढच्या दिवसांत त्यांनी आम्हाला दोन्ही ठिकाणी बसवले.

चौथा दिवस : लेह ते हानले

सिंधू नदीच्या काठाकाठाने उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा आणि लोमा असा अडीचशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे चहा घेतला. माहेनंतर दरी रुंद होत जाते आणि डोंगर मागे सरकतात. चांगथांग शीत वाळवंट अभयारण्याचा हा प्रदेश. झाड औषधालाही नाही. पिवळे पडत चाललेले गवत, दगडगोट्यांचे उतार आणि मधूनच तांबूस-पांढऱ्या कियांगांचे म्हणजे रानगाढवांचे कळप.

न्योमाच्या अलीकडे एका छावणीबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर कुत्र्यांचा मोठा घोळका दिसला. आचोंनी गाडी थांबवायला सांगितली. लांडग्यावरच्या संकटांची यादी करायची झाल्यास ते या कुत्र्यांना बंदूक आणि सापळा या दोहोंच्या आधी घालतील, असे ते म्हणाले. छावण्या आणि पर्यटकांची हॉटेले यांच्या उष्ट्यावर कुत्रे वाढले. थंडीत उष्टे कमी पडले, की ते टोळ्यांनी माळावर उतरतात, मर्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी) आणि ससे मारतात, शेळ्या-मेंढ्या फाडतात आणि नाव लांडग्याचे होते. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर यांसारखे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जाण्याची भीती आहेच. काही कुत्र्यांचा लांडग्यांशी संकरही होतो आणि अशा संकरित प्राण्याला लडाखमध्ये 'खिपशांग' असे स्वतंत्र नाव आहे. तो माणसाला लांडग्याइतका बुजत नाही, म्हणून मेंढपाळ त्याला जास्त घाबरतात.

कोंढाळीचा तरुण बराच वेळ त्या घोळक्याकडे पाहत होता. "काका, आपल्याकडं ढाब्याच्या मागं हेच चालू आहे," तो म्हणाला. अमरावती रस्त्यावरचे ढाबे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हानले गाव ४,३०० मीटरांच्या आसपास आहे. तिथे मोठी दुर्बीण आहे आणि २०२२ पासून तो परिसर रात्रीच्या अंधारासाठी राखीव आहे, त्यामुळे अंगणातही लाल उजेडाचीच विजेरी वापरायची होती. लांडग्याच्या आरोळीची वाट पाहत आम्ही बाहेर उभे राहिलो, पण ऐकू आले ते गावातल्या कुत्र्यांचे भुंकणे.

पाचवा दिवस : हानलेच्या आसपास

हा दिवस पायी फिरण्याचा आणि माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी. लांडगे आपल्या हद्दीच्या खुणा ठराविक जागी करतात : दोन ओढ्यांच्या संगमावर, खिंडीच्या माथ्यावर, जुन्या पायवाटेच्या वळणावर. आचो सरळ अशा जागांकडेच जात होते. पहिली विष्ठा एका सपाट दगडावर मिळाली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, राखाडी पडलेली. तीत केसांचे वळलेले झुपके आणि हाडांचे पांढरे तुकडे स्पष्ट दिसत होते. आचोंनी आधी तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले, यंत्रावरून जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले, मग हातमोजे घालून एका काडीने वरचा पापुद्रा खरवडला आणि तो अल्कोहोल भरलेल्या छोट्या नळीत टाकला. उरलेला भाग कागदी पाकिटात गेला. त्यातले केस पुढे धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात; प्रत्येक प्राण्याच्या केसावरच्या खवल्यांची आणि आतल्या गाभ्याची ठेवण निराळी असते, त्यावरून लांडग्याने कियांग खाल्ला की भरल म्हणजे डोंगरी रानमेंढी, मर्मोट खाल्ला की कोणाची शेळी, हे ठरवता येते. त्या नळीवर क्रमांक लिहिताना आचोंची बोटे थंडीने वळत नव्हती, तरी त्यांनी अक्षर बिघडू दिले नाही. प्रयोगशाळेत हा नमुना उघडणाऱ्याला केवळ तो क्रमांकच दिसणार असतो.

पाऊलखुणांचा धडाही तिथेच झाला. लांडग्याचा ठसा मोठ्या कुत्र्याच्या ठशाशी इतका जुळतो, की एका ठशावरून निर्णय देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे आचोंनी आधीच सांगून टाकले. ठशांची रांग पाहायची. लांडगा कुठेतरी जायला निघालेला असतो. त्याचा मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो आणि रांग दूरवर सरळ जाते. कुत्रा रेंगाळतो, फाटे फोडतो, परत येतो. वाळूत अशी एक सरळ रांग आम्हाला मिळाली आणि कोंढाळीच्या तरुणाने, कोणी न सांगता, ती कडेकडेने चालत पार ओढ्यापर्यंत नेली. मातीवर चालायचे पण ठशावर पाय द्यायचा नाही, हे त्याला जंगलातल्या नोकरीने शिकवले असेल. मला वाटते, त्याच्या आजोबांनी त्याआधीच शिकवले होते.

दुपारी कॅमेरा लावण्याचे काम पाहिले. आपल्याकडे कॅमेरा सागाच्या किंवा ऐनाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधतात. इथे बुंधाच नाही. दगड रचून गुडघ्याएवढा चौथरा करायचा, त्यात कॅमेरा बसवायचा, सूर्य थेट समोर येणार नाही अशी दिशा निवडायची, समोरचे गवत उपटायचे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या काडीचीही हजारो छायाचित्रे निघतात, आणि शेवटी स्वतः चार पायांवर कॅमेऱ्यासमोरून रांगत जाऊन तो टिपतो की नाही ते तपासायचे. ही रांगण्याची कामगिरी विद्यार्थिनीकडे आली. थंडीत साधे सेल लवकर उतरतात, म्हणून लिथियमचे महागडे सेल वापरावे लागतात. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही ओळ पाहून शहरातले लोक हमखास प्रश्न विचारतात, असे आचो हसत म्हणाले.

सहावा दिवस : दलदलीच्या काठावर

सकाळी शिकार होणाऱ्या प्राण्यांची मोजणी होती. डोंगरी भागात जंगलासारखी सरळ रेषा आखून चालता येत नाही, म्हणून दोन निरीक्षक एकाच वाटेने थोड्या वेळाच्या अंतराने जातात. दोघेही स्वतंत्रपणे दिसलेला प्रत्येक कळप, त्यातली संख्या, नर-माद्या-पिल्ले यांचे प्रमाण आणि जागा लिहितात व एकमेकांशी बोलत नाहीत. नंतर दोन्ही वह्या जुळवल्या, की दोघांना दिसलेले, एकालाच दिसलेले आणि त्यावरून दोघांच्याही नजरेतून निसटलेले असावेत असे कळप किती, याचा हिशेब करता येतो. सर आणि विद्यार्थिनी पुढच्या फेरीला, आम्ही मागच्या. भरलांचे राखाडी अंग दगडात असे मिसळून जाते, की आमच्या वहीतला एक आख्खा कळप सरांच्या वहीत नव्हता. सर त्यावर खूश झाले. पद्धत कशासाठी आहे ते आता पटले ना, असे म्हणाले.

परतताना हानले नदीच्या दलदलीच्या काठाशी आचोंनी हात वर केला. दूरवर दोन लांडगे चालत होते. तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा प्रथम नजरेत भरला तो त्यांचा पिंगट-करडा लोकरी कोट आणि घशापासून छातीपर्यंत उतरलेला पांढुरका पट्टा. आपल्या माळावरचा लांडगा उन्हाळ्यात हाडे मोजून घ्यावीत असा काटकुळा दिसतो. हा अंगापिंडाने भरलेला, पायांनी जाड. वाटेत कियांगांचा कळप होता. लांडगे त्याच्या अगदी जवळून गेले, पण कियांगांनी चरणे थांबवून फक्त कान वळवले. पळापळ झाली नाही. शिकारी प्राणी शिकारीला निघालेला आहे की नुसता वाटचाल करतो आहे, हे शिकार होणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. पुढे एका मर्मोटच्या बिळाशी एक लांडगा थांबला, त्याने माती उकरली, नाक आत घातले, मागे हटून शिंकला आणि पुन्हा उकरू लागला. दुसरा बाजूला बसून राहिला. बिळातून काही निघाले नाही. दोघे उठून उतारामागे गेले.

"काका, आपल्याकडं लांडगा कोकरू उचलते," कोंढाळीचा तरुण मला हळूच म्हणाला, "इथं तं तो घोड्याले हात घालते म्हणतात." हे खरे आहे, आणि लांडग्याबद्दलच्या रागाचे मूळही तिथेच आहे. हिमबिबट्या कड्याकपारींत राहतो. लांडगा उघड्या, सौम्य उतारांवर फिरतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी घोडे व याक राखणीवाचून मोकळे चरत असतात. एक घोडा गेला, की घराचे वर्षाचे गणित कोलमडते. बाहेरून आलेल्या पर्यटकाच्या दृष्टीने हिमबिबट्या हे रत्न असते. त्याच्या नावाने घरगुती निवास चालतात, पैसा येतो. लांडग्याच्या वाट्याला असा पैसा फारसा येत नाही, शिव्या मात्र पुरेपूर येतात. वाघाच्या सावलीत विदर्भातल्या लांडग्याचे जे झाले, तेच इथे हिमबिबट्याच्या सावलीत झाले आहे, असे माझे मत बनले.

सातवा दिवस : चांगपांच्या तळावर

हानलेपासून काही अंतरावर चांगपा मेंढपाळांचा तळ होता. याकच्या केसांचे विणलेले काळे तंबू, ज्यांना रेबो म्हणतात, आता कमी झाले असून त्यांच्या शेजारी पांढऱ्या कापडाचे तंबू जास्त दिसतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दूध काढणे चालले होते. शेळ्यांना समोरासमोर उभे करून त्यांच्या माना एकमेकींत अडकवून एकाच लांब दोरीने बांधले होते. दोन रांगा अशा गुंफलेल्या, की मधली एकही शेळी हलू शकत नव्हती, आणि दूध काढून झाल्यावर दोरीचे एक टोक ओढताच सगळी रांग सुटली. घरच्या वृद्ध आमा-लेंनी (आमा-ले म्हणजे आई) आम्हाला खारट लोण्याचा चहा दिला आणि कोंढाळीच्या तरुणाने मेंढ्यांचा धंदा आपल्याही घरचा आहे असे सांगताच बाकी सगळ्यांना सोडून त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली.

मेंढवाडा दगडाचा, छातीएवढ्या भिंतीचा. वरून लाकडी वासे टाकून त्यांवर तारेची जाळी घट्ट बसवलेली, आणि दाराला फट न राहील अशी चौकट. साधी गोष्ट वाटते, पण उघड्या वाड्यात रात्री शिकारी शिरला, तर कोंडलेल्या जनावरांची पळापळ सुरू होते आणि तो एकावर थांबत नाही; सकाळी दहा-वीस शेळ्या मेलेल्या सापडतात. पश्मिना देणाऱ्या शेळ्यांवर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी अशी एक रात्र पुष्कळ वर्षे पुरते. अशा जाळ्या लडाखमध्ये गेली दोन दशके स्वयंसेवी संस्था आणि वन्यजीव विभाग बसवत आले आहेत. जाळी आणि वासे बाहेरून येतात, भिंत बांधण्याची मेहनत गावाची. आचोंच्या मते हीच वाटणी महत्त्वाची, कारण फुकट मिळालेल्या दाराची बिजागरी कोणी दुरुस्त करीत नाही.

सरांनी मात्र इथे नेमका प्रश्न विचारला : जाळीखाली शेळ्या वाचतात, पण मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांचे आणि याकांचे काय? उत्तरासाठी आचोंनी शेजारच्या, हिमाचलमधल्या स्पितीचे उदाहरण दिले. तिथल्या किब्बर परिसरात वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा यांनी केलेल्या अभ्यासात अठरा महिन्यांत १८९ जनावरे, म्हणजे एकूण पशुधनाच्या १८ टक्के, शिकारी प्राण्यांनी मारल्याचे गावकऱ्यांनी सांगितले होते. २००२ पासून तिथे गावकऱ्यांनी चालवलेली पशुविमा योजना सुरू झाली. जनावराचा मालक हप्ता भरतो, निधीत बाहेरूनही भर घातली जाते, आणि दावा खरा की खोटा हे गावाचीच समिती ठरवते. सरकारी भरपाईपेक्षा ही रीत मला अधिक पटली. महाराष्ट्रातही लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई मिळते. परंतु पंचनामा होईपर्यंत मेलेल्या मेंढीशेजारी थांबायचे, तर उरलेला कळप कोणी पुढे न्यायचा, याचे उत्तर फिरत्या मेंढपाळाला कोणी देत नाही. शेजाऱ्यांची समिती त्याच दिवशी येऊन पाहू शकते, आणि शेजाऱ्याला फसवणे सरकारला फसवण्याइतके सोपे नसते.

आमा-लेंना मी विचारले, की लांडगा नसताच तर बरे झाले असते का? त्या म्हणाल्या, "माझे दोन घोडे त्याने नेले. मला तो आवडत नाही. पण त्याला मारायला मी कोणाला पाठवणार नाही." एवढेच. मग त्या तरुणाला मेंढ्यांच्या खुरांचा आजार नागपूरकडे कसा बरा करतात ते विचारू लागल्या, आणि आम्ही दुभाष्याचे काम करीत बसलो.

आठवा दिवस : हानले ते चुशूल

लोमाहून 'त्सागा ला' ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून आणि रेझांग लाच्या स्मारकापाशी थांबून चुशूल. १९६२ च्या युद्धात मेजर शैतानसिंग आणि त्यांचे कुमाऊँ रेजिमेंटचे सैनिक जिथे लढले ते हे ठिकाण. तिथे कोणी फार बोलले नाही. चुशूलला आम्ही गेलो ते शांगडोंग पाहण्यासाठी.

शांगडोंग म्हणजे लांडग्यांसाठी केलेला दगडी सापळा. वरून तोंड अरुंद, खाली गेल्यावर रुंद होत जाणारा खड्डा. त्याच्या भिंती आतल्या बाजूला झुकवलेल्या. आत जिवंत शेळी किंवा मेंढी ठेवायची. लांडगा उडी मारून आत उतरतो, पण झुकत्या भिंतीवरून त्याला वर येता येत नाही, आणि सकाळी गाव जमून दगडांनी त्याला मारते. लडाखच्या अनेक गावांत असे खड्डे आहेत, आणि ते बांधणारे लोक क्रूर होते असे म्हणणे मला तरी जमणार नाही; कळप हेच ज्यांचे सर्वस्व, त्यांनी सगळ्यांनी मिळून केलेली ती राखण होती. पिल्ले असलेल्या गुहेत धूर करणे हा दुसरा उपाय, आणि तो आपल्या दख्खनच्या माळावरही होत आला आहे.

चुशूलच्या लोकांनी निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान, म्हणजे नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन, या संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर बऱ्याच बैठकांनंतर आपले शांगडोंग निकामी केले. ते पाडले नाहीत. भिंतीचे काही दगड काढून, आत पडलेला प्राणी चालत बाहेर येईल एवढी वाट केली. पूर्वजांच्या हातची बांधणी उभी राहिली आणि तिचे काम संपले. शेजारी एक स्तूप बांधण्यात आला आणि २०१८ मध्ये बौद्ध धर्मगुरू बकुला रंगडोल न्यिमा रिन्पोचे यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. मी त्या फटीतून आत उतरलो. आतल्या भिंतीचे दगड चुन्यावाचून, नुसत्या वजनावर बसवलेले आहेत आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा चार बोटे पुढे आलेला आहे. आत उभे राहून वर हात पोहोचवायला गेले, की कडा डोक्यावर येते. बांधणाऱ्याला लांडग्याची उडी किती हे नेमके ठाऊक होते.

गावातल्या एका वयस्कर गृहस्थांना कोंढाळीच्या तरुणाने विचारले, की सापळा बंद केल्यावर शेळ्या जास्त मेल्या का? त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले, की सापळा बऱ्याच वर्षांपासून वापरात नव्हताच. शिकारीवर बंदी, मुले शाळेत आणि नोकरीत, मेंढ्या पाळणारी घरे कमी. मग स्तूप कशासाठी? "पुढे कोणाला राग आला, तर तो इथे येईल आणि त्याला खड्डा नाही, स्तूप दिसेल." वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लांडगा आहेच, पण या पठारावर कायद्याचा माणूस पोहोचायला दिवस लागतो, आणि स्तूप तिथेच असतो.

नववा दिवस : चांग ला मार्गे लेह

सतरा हजार फुटांहून उंच असलेली चांग ला खिंड ओलांडून परत. वर हिमवर्षाव चालू होता. सरांनी गाडीतच वही काढून विष्ठेच्या नमुन्यांची यादी तपासून आचोंच्या स्वाधीन केली.

नागपूर आणि कोंढाळी

परतल्यावर पंधरवड्याने सर, मी आणि तो तरुण कोंढाळीच्या बाहेर त्याच्या नात्यातल्या मेंढपाळांकडे गेलो. तिथे एका शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडीखतासाठी शेतकरी पैसे किंवा धान्य देतो आणि दोन-तीन रात्रींनी कळप पुढच्या शेतात जातो. छायाचित्रांतला दगडी वाडा आणि त्यावरची तारेची जाळी पाहून म्हाताऱ्या मेंढपाळाने मोबाइल तरुणाच्या हातात परत दिला. "हे आपल्या कामाचं नाही बाबू. आमचा वाडा रोज चालते." त्यांचा वाडा म्हणजे खुंट्यांना बांधलेली दोरीची जाळी, घोड्यावर लादता येईल एवढीच.

सरांनी मग युरोप-अमेरिकेत वापरतात तो उपाय सांगितला : वाड्याभोवती दोरी ताणायची आणि तिला हात-हात अंतरावर लाल कापडाच्या पट्ट्या लोंबत्या बांधायच्या. वाऱ्यावर हलणाऱ्या पट्ट्यांची ओळ ओलांडायला लांडगा बिचकतो. म्हातारा हसला. रानडुकरांसाठी शेताला जुन्या साड्या बांधतात, तेच हे. "डुक्कर दोन आठवडे भिते. मंग साडीखालूनच येते."

हेही खरेच आहे. त्या पट्ट्यांचा परिणाम काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही, असा तिकडचाही अनुभव आहे. पण सर तिथेच थांबले आणि म्हणाले, की डुक्कर सरावते, कारण शेत जागचे हलत नाही. तुमचा वाडा तर दोन-तीन रात्रींनी हलतो; लांडग्याला सरावायला तेवढ्या रात्री मिळणार कुठून? म्हाताऱ्याने यावर होय-नाही काही म्हटले नाही. त्याने दोरी किती लागेल ते विचारले, जाळीचा घेर पावलांनी मोजला आणि पट्ट्या घरच्या लुगड्यांच्या चालतील, बाजारातून आणू नका, असे बजावले. नागपूरच्या इतवारी बाजारातून फक्त दोरी घ्यायची ठरली. न सडणारी, हलकी आणि घोड्याच्या पाठीला न कापणारी. कोणत्या रात्री लांडगा आला, कोणत्या रात्री नाही, आणि वाडा कुठे होता, हे लिहून ठेवण्याचे काम त्या तरुणाने मेंढपाळाच्या सातवीतल्या नातवाकडे दिले आहे, आणि त्याला वहीही आणून दिली आहे.